काचू आणि निळ्या टोपणाची नळी

काचूला खरं नाव होतं, चांगलं चार अक्षरी होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. ती चौदा वर्षांची असताना तिच्या मोठ्या भावानं, दादानं, तिला ‘काचेचं भांडं’ म्हणायला सुरुवात केली. त्याचं पुढे ‘काच’ झालं आणि लाडानं ‘काचू’. मग कोपऱ्यावरच्या वाण्यापासून वडिलांच्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळेच तिला काचू म्हणू लागले. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण त्यामागचं कारण काही चेष्टेचं नव्हतं.

काचूचे वडील सुतार. पुढच्या बाजूला कारखाना, मागच्या बाजूला घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार. ते दार कधीच बंद नसायचं. त्यामुळे लाकडाचा भुसा घरभर फिरायचा. अंथरुणात भुसा, केसांत भुसा. साखरेच्या डब्यातही भुसा सापडतो अशी आईची कायमची तक्रार. काचू मात्र त्या भुशातच रांगली. रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या ती कानात अडकवून मिरवायची. शाळेत जायच्या आधीपासून तिला नुसत्या वासावरून साग कुठला आणि देवदार कुठला ते कळायचं. बाबा तिला ठोकळा आणि हातोडी देऊन एका बाजूला बसवायचे आणि ती तासन् तास खिळे ठोकत बसायची. दादाला या कामाची फारशी गोडी नव्हती, पण हिला होती. बाबा कौतुकानं म्हणायचे, “माझी गादी ही चालवणार.”

आणि मग तिच्या पोटात दुखलं. अगदी गडबडा लोळण्याइतकं. डॉक्टरांना वाटलं अपेंडिक्स, कापावं लागेल. कापायच्या आधी रक्त तपासलं, तर प्लेटलेटचा आकडा आला तीस हजारांच्या आत. रक्त वाहायला लागलं की भोकावर जाऊन बसतात आणि ते बुजवतात त्या प्लेटलेट. माणसाच्या रक्ताच्या एका थेंबुकल्यात त्या निदान दीड लाख तरी हव्यात. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. दुसऱ्या दिवशी पोटदुखी आपोआप थांबली, कारण ते अपेंडिक्स नव्हतंच. शेजारच्या घरी झालेल्या वाढदिवसाला तिनं दाबून खाल्लं होतं, एवढंच. पोट बरं झालं, पण तो आकडा काही तिचा पिच्छा सोडेना. पुन्हा तपासलं, तेवढाच. दुसरीकडे तपासलं, तेवढाच. गोळ्या दिल्या. त्यांनी चेहरा भोपळ्यासारखा फुगला आणि आकडा जागचा हलला नाही. शेवटी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि आईला सांगितलं, “हिला लागू देऊ नका. बाकी काही करण्यासारखं नाही.”

डॉक्टर बोलून गेले आणि आईनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. स्वयंपाकघरातली सुरी काचूच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर गेली. दात घासायचा ब्रश इतका मऊ आला की दादा म्हणायचा, हा दात घासत नाही, दातांची माफी मागतो. सायकल बंद, झोका बंद, पोहणं बंद. पळणं तर बंदच, पण घाईनं चालली तरी आतून हाक यायची, “कुठं आग लागलीय?” आणि हत्यारांच्या भिंतीपासून काचूनं लांब राहायचं, हा सगळ्यात कडक नियम. पटाशी, करवत, रंधा, वाकस, सगळं तिथं ओळीनं टांगलेलं असायचं आणि काचू ते लांबून बघायची.

बाबांनी कानस घेतली आणि घरातल्या एकेका वस्तूचे कोपरे घासायला सुरुवात केली. टेबलाचे कोपरे, पलंगाचे कोपरे, कपाटाचे, खुर्चीच्या हाताचे, दाराच्या चौकटीचे. महिनाभरानं त्या घरात टोचेल असं काही उरलं नाही. पुढे एका गिऱ्हाइकानं ते टेबल पाहिलं. त्याच्या घरी नुकतंच चालायला लागलेलं मूल होतं. त्यानं तसंच टेबल मागितलं. त्याचं बघून त्याच्या बहिणीनं मागितलं. हळूहळू ‘गोल कोपऱ्यांचा सुतार’ अशी बाबांची ख्याती झाली आणि कारखाना जोरात चालू लागला. अर्ध्या गावाच्या पलंगांचे कोपरे गोल झाले, ते काचूच्या रक्तापायी.

काचू मोठी झाली, शिकली आणि कारखान्यातच बसू लागली, पण दाराजवळच्या टेबलाशी. गिऱ्हाईक आलं की त्याच्या घरी जाऊन मापं घ्यायची, कागदावर नकाशा काढायचा, लाकूड निवडायचं. तिचा नकाशा म्हणजे लाकूड बोलू लागल्यासारखा. पण त्या नकाशातली वस्तू घडवायची दुसऱ्याच हातांनी. आणि हे दुसरे हात दादाचे! काचू टेबलाशी बसल्या बसल्या त्याला सुनवायची.

“दादा, रंधा उलटा चालवतोयस. लाकडाची रेघ बघ की.”

“तू ये आणि चालव.”

“चालवला असता. आईला विचार.”

मग आतून, काही न विचारताच, आईचा आवाज यायचा, “खबरदार!”

काचू रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिचं हसणं तर असं गडगडाटी की रस्त्यापलीकडचा शिंपी मशीन थांबवून विचारायचा, काय झालं म्हणून. पण दुपारी कारखाना रिकामा झाला की ती त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहायची, हात मागे बांधून, हे बाबांनी पाहिलं होतं. ते मागच्या मागे फिरायचे. लग्नाचं बोलणं एकदोन ठिकाणी झालं, पण आईच समोरच्या मंडळींना हिला कसं सांभाळावं लागेल ते इतकं रंगवून सांगायची की ती बिचारी चहा अर्धा टाकून उठायची. काचूला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. त्यातल्या एकानं आपल्या घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत असं अभिमानानं सांगितलं होतं.

अशी ती पस्तिशीला आली, आणि तिची अक्कलदाढ दुखायला लागली.

दादानं अर्थातच संधी सोडली नाही. “उशिरा का होईना, आली एकदाची!” पण दाढ वाकडी होती आणि गाल सुजून डोळा बंद व्हायची वेळ आली. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात दिवा टाकून पाहिलं आणि म्हणाले, “काढावी लागेल.” आईनं लगेच प्लेटलेटची सगळी कथा पहिल्यापासून ऐकवली. ती ऐकून डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. “आधी ताजा रिपोर्ट आणा. त्याशिवाय मी हात लावणार नाही.”

नेहमीची तपासणीची जागा लांब होती आणि काचूच्यानं तेवढं चालवेना. म्हणून मायलेकी जवळच नव्यानं उघडलेल्या लॅबमध्ये गेल्या. वह्यापुस्तकांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून, दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि भिंतीला लागून रक्त घ्यायची जागा. आतल्या खोलीत घरघरणारं यंत्र, एक छोटा फ्रीज, आणि खिडकीशी सूक्ष्मदर्शक. रक्त घेणारा माणूस इतका उंच होता की दारातून येताना मान वाकवायचा. सगळे त्यांना लांबूभाऊ म्हणत. देह केवढा आणि आवाज मात्र अगदी बारीक, मऊ.

“घाबरताय का?” त्यांनी काचूला विचारलं.

“मी नाही. या घाबरल्यात.” तिनं आईकडे बोट दाखवलं.

“सुई बारीकातली बारीक घ्या,” आई म्हणाली, “आणि नंतर कापूस मी धरणार. तुम्ही लोक लवकर सोडता.”

लांबूभाऊंनी मान डोलावली. दंडाला पट्टा बांधला, एकदाच बोट फिरवलं, आणि काचूला कळायच्या आत जांभळ्या टोपणाची नळी रेघेपर्यंत भरली. ती त्यांनी गदागदा हलवली नाही. झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तशी सावकाश उलटीसुलटी केली. आई पुढचा अर्धा तास कापूस दाबून बसली.

त्याच संध्याकाळी लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “उद्या सकाळी पुन्हा येता का? मला रक्त परत एकदा घ्यायचंय.”

इतक्या वर्षांत पुन्हा रक्त घ्यायला कुणी आपणहून बोलावलं नव्हतं. आता आकडा शून्यावर आला असणार, असं आईनं ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी ती जिना चढली ती ओठ घट्ट मिटून.

डॉक्टरीणबाई वयानं काचूएवढ्याच, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलताना हातातलं पेन सतत उघडमीट करणाऱ्या. त्या म्हणाल्या, “आकडा अठ्ठावीस हजार आलाय.”

“त्यात नवीन काय?” आई म्हणाली. “तेवढाच असतो.”

“हेच मला नवीन आहे. इतक्या कमी प्लेटलेट असलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळेजांभळे डाग उठतात. यांना कधी?”

“कधीच नाही,” काचू म्हणाली.

“येतील कसे?” आई ताठ बसली. “मी येऊ देईन तर ना!”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “काकू, तुमच्या काळजीबद्दल मला शंका नाही. शंका या आकड्याबद्दल आहे. यंत्रानं आकड्यापुढे एक खूण टाकली होती, म्हणून मी रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्वतः पाहिला. प्लेटलेट कमी नाहीत. त्या गोळ्यागोळ्यांनी चिकटून बसल्यात. आता त्या का चिकटल्या, हे शोधायचंय. कधीकधी रक्त घेतानाच गडबड होते. शीर लवकर मिळाली नाही, रक्त थेंबथेंब आलं, नळी नीट मिसळली नाही, की नळीतच गाठी होतात.”

हे ऐकून कोपऱ्यात उभे असलेले लांबूभाऊ आणखीच उंच झाले. “म्हणजे माझ्या हातून? मॅडम, पहिल्या टोचणीत शीर लागली होती! या बाईच सांगतील. नळी मी स्वतः उलटीसुलटी केली. मोजून!”

“केली हो, केली,” आईनं साक्ष दिली. “मी बघत होते. या माणसाचा हात चांगला आहे.”

“म्हणूनच पुन्हा घेऊ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्यासमोर, दोन वेगळ्या नळ्यांत. तुमचा हात चांगला आहे हे एकदा पक्कं झालं की आरोप नळीवर जाईल.”

मग लांबूभाऊंनी असं रक्त घेतलं, की जणू परीक्षा चालू आहे. आधी निळ्या टोपणाची नळी, तिच्यावरच्या रेघेला बरोब्बर टेकेपर्यंत. मग जांभळी. दोन्ही हळुवार उलटवल्या आणि धावत, म्हणजे दोनच ढांगांत, आतल्या खोलीत नेल्या. डॉक्टरीणबाईंनी मायलेकींनाही आत बोलावलं.

जांभळी नळी तिथल्या तिथे यंत्राला दाखवली. आकडा आला एक लाख पंचाण्णव हजार.

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

“थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खरी मजा पुढेच आहे.” त्यांनी तीच नळी बाजूला ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर तीच नळी पुन्हा लावली. आकडा एक लाख दहा हजार. आणखी वेळ गप्पांत काढून पुन्हा लावली. पंचेचाळीस हजार. नळी तीच आणि रक्तही तेच. कुणाच्या अंगातून एक थेंब सांडला नव्हता, तरी आकडा जिना उतरावा तसा खाली खाली चालला होता. निळ्या नळीतला आकडा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हलला नाही. त्या नळीत आधीच थोडं पातळ औषध असतं, म्हणून आलेल्या आकड्यात दहावा हिस्सा वाढवायचा असतो. तो वाढवला आणि हिशेब दोन लाखांच्या वर गेला.

“या बघायला,” डॉक्टरीणबाईंनी काचूला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचूनं एक डोळा मिटला. फिकट गुलाबी गोल पेशींच्या गर्दीत मधेमधे बारीक जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके दिसत होते.

“भुशात सरस सांडला की अस्सेच गोळे होतात,” ती म्हणाली.

“अगदी तसंच. आता यंत्राला हे कसं कळणार? ते आकार बघून मोजतं. एकटीदुकटी प्लेटलेट आली की ते मोजतं. शंभरजणी गळ्यात गळे घालून आल्या की त्याला वाटतं, या कुणी दुसऱ्याच, आणि त्यांना मोजायचं सोडून देतं.”

“पण अंगात असताना या…”

“अंगात सुट्या फिरतात आणि आपापलं काम करतात. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, ते फार थोड्या लोकांच्या रक्ताला असं चिकटवून टाकतं. तुम्ही त्या थोड्यांपैकी. तुमच्यात खोट नाही, फक्त नळीशी तुमचं पटत नाही. मी म्हणते म्हणून सोडू नका, रक्ताच्या मोठ्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा. पण मला विचाराल तर तुम्हाला काही झालेलं नाही. आणि कधीच काही झालेलं नव्हतं.”

काचूनं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला. डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, लांबूभाऊंकडे पाहिलं, आणि हसायला लागली. आधी हळू, मग तिच्या नेहमीच्या गडगडाटानं. सुजलेला गाल दुखत होता, तो एका हातानं धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खालच्या दुकानदारानं वर येऊन विचारलं, सगळं ठीक ना? लांबूभाऊ डोळे टिपत म्हणाले, “दोन लाख!” दुकानदाराला वाटलं लॉटरी लागली. त्यानं अभिनंदन केलं आणि गेला.

आई मात्र हसली नाही. ती सरळ बाहेर जाऊन रक्त घ्यायच्या खुर्चीत बसली आणि बाही वर सरकवली. “माझं घ्या. त्याच जांभळ्या नळीत. मला बघायचंय दुसऱ्याचं कसं दिसतं ते.”

लांबूभाऊंनी घेतलं. तासभर थांबून आईनं स्वतःचं रक्त पाहिलं. जांभळे ठिपके सुटे सुटे, अंतर राखून बसलेले. मग तिनं पुन्हा काचूची काच मागितली आणि बराच वेळ बघत राहिली.

“माझ्या आपल्या एकेकट्या बसल्यात,” ती शेवटी म्हणाली. “हिच्या बघा, कशा एकमेकींना धरून आहेत.” मग आवाज बारीक झाला. “मग मी इतकी वर्षं केलं काय?”

डॉक्टरीणबाईंनी पेनची उघडमीट थांबवली. “आकडा समोर होता, काकू. त्या आकड्यावर कुठल्याही आईनं हेच केलं असतं. तेव्हाच्या डॉक्टरांनीही त्यावरच विश्वास ठेवला. हे फार क्वचित होतं, आणि आधी मनात शंका यावी लागते.”

काचूनं आईच्या गळ्यात हात टाकला. “तू मला जपलंस. जपण्यासारखं काही नव्हतं तरी जपलंस. चल, दाढ काढायचीय.”

रक्ताचे मोठे डॉक्टरही तेच म्हणाले. वर त्यांनी बजावलं, “पुढे कुठंही रक्त दिलंत तर आधी सांगायचं, निळं टोपण, आणि थेंब काचेवर बघा.” काचूनं ते इतकं पाठ केलं की त्या संध्याकाळी भाजीवालीनं ‘आणखी काय देऊ?’ विचारल्यावर ती ‘निळं टोपण’ म्हणाली.

बाबांना ही पक्की बातमी कळली तेव्हा ते एका कपाटाला पॉलिश मारत होते. त्यांनी बोळा खाली ठेवला, हात पुसले, आणि भिंतीवरची सगळ्यात लहान पटाशी काढून तिला धार लावायला बसले. दगडावर पाणी शिंपडायचे, पातं फिरवायचे, बोटावर तपासायचे, पुन्हा फिरवायचे. जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत.

“बाबा, आधी दाढ,” काचू दारातून म्हणाली.

“हो, हो. मी आपली तयारी करून ठेवतो,” ते म्हणाले, आणि मान वर केली नाही. मान वर केली असती तर डोळे दिसले असते.

दाढ निघाली. आई दातांच्या दवाखान्यात एवढा कापूस घेऊन गेली होती की दादा म्हणाला, उशी भरायची आहे का? डॉक्टरांनी कापसाचा एक बोळा दाढेच्या जागी ठेवला आणि दाबून धरायला सांगितलं. थोड्या वेळानं तो काढून पाहिला आणि म्हणाले, “थांबलं.” आई म्हणाली, “नीट बघा.” डॉक्टरांनी नीट बघितलं. “थांबलंय हो काकू.” आईनं उरलेला कापूस त्यांनाच देऊन टाकला.

गालाची सूज उतरली त्या सकाळी काचू केस वर बांधून कारखान्यात आली. बाबांनी देवदाराचा एक तुकडा शिकंज्यात अडकवला, पटाशी तिच्या हातात दिली आणि बाजूला सरले. काचूला सगळं माहीत होतं. किती तिरकं धरायचं, ठोका कुठं मारायचा, रेघेच्या किती अलीकडे थांबायचं. वीस वर्षं हे काम तिनं नजरेनं केलं होतं. तिनं पहिला ठोका मारला, आणि पटाशी घसरून भलतीकडेच गेली.

दादा हसून हसून बाकावर बसला. “वा! मला शिकवत होतीस ना? रेघ बघ की!”

“गप रे,” ती म्हणाली, पण तीही हसत होती. डोळ्यांना येतं ते हातांना येत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. दुसरा ठोका, तिसरा, मग एक पातळ कुरळी ढलपी अलगद वर आली आणि लाकडात खाच दिसली. वाकडीतिकडी, पण स्वतःच्या हाताची. तिनं ढलपी उचलून वास घेतला. पुन्हा काम सुरू केलं. आता तिला भान राहिलं नाही. डाव्या हातानं तुकडा सावरायला ती पुढे झाली आणि पटाशी सरळ अंगठ्यावर आली.

रक्ताचा टपोरा थेंब देवदारावर पडला. मग दुसरा.

दादा उठून उभा राहिला. बाबांचा चेहरा पांढराफटक. आणि आतून, कुणी हाक मारली नसताना, आई दारात आली. चौघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिले. काचूनं हात समोर धरला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. रक्त मनगटाकडे ओघळलं. मग ओघळ बारीक झाला. मग अंगठ्यावर नुसता एक लाल मणी राहिला, आणि तो मणी तिथल्या तिथे गडद होऊन बसला.

“थांबलं,” दादा कुजबुजला.

“थांबलं!” काचू ओरडली.

“थांबलं!” म्हणून दादानं तिला उचललं आणि भुशात गरगर फिरवलं. रस्त्यापलीकडचा शिंपी धावत आला. त्यालाही अंगठा दाखवला. एवढ्याशा जखमेचं इतकं कौतुक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्यानंही टाळ्या वाजवल्या.

बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि त्याबरोबर त्यांच्यातला सुतारही. ते गरजले, “पटाशीच्या पुढे हात? पातं जाईल त्या दिशेला हात ठेवायचा नसतो, हे तुला कुणी शिकवलं नाही?”

“तुम्ही शिकू दिलंत कुठं?” काचू म्हणाली.

बाबांनी तिचा डावा हात धरला, लाकडाच्या मागच्या अंगाला नेऊन ठेवला, आणि म्हणाले, “इथं. कायम इथं.” तो तिचा पहिला धडा.

पुढचे काही महिने कारखान्यात लाकूड फार वाया गेलं. काचूनं वाकडे सांधे केले, डुगडुगणारी खोकी केली, एक असा खण केला की जो उघडायचा पण बंद व्हायचा नाही. रात्री तळहाताचे फोड मोजत ती खूश होऊन झोपायची. दादानं आपण होऊन दाराजवळचं टेबल घेतलं. गिऱ्हाइकांशी बोलण्यात तो वाकबगार निघाला आणि सुतारकीतून सुटका झाल्याचा आनंद त्याला लपवता येईना. आई कारखान्यात येऊन बसायची, मटार सोलत. तिच्या तोंडातून शब्द बाहेर यायला धडपडायचे. प्रत्येक ठोक्याला तिचे खांदे उडायचे. पण ती बोलायची नाही. फार झालं की एक मटार तोंडात टाकायची. भाजीला निम्मेच उरायचे.

एके दिवशी तीच म्हणाली, “मला एक स्टूल करून दे. वरच्या फळीपर्यंत हात पोचत नाही.”

काचू थांबली. “दादाला सांगू?”

“तुला सांगतेय. दादाचं डुगडुगतं.”

काचूनं त्या स्टुलासाठी साग निवडला. चार पाय, वर जाड फळी, खाली आडव्या पट्ट्या. प्रत्येक सांधा तिनं तीनतीनदा बसवून पाहिला, खिळा एकही मारला नाही. बाबा दिवसातून दहा वेळा जवळून जायचे आणि काहीतरी सापडेल म्हणून बघायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी स्टूल उलटं केलं, सुलटं केलं, फरशीवर आपटलं, आणि म्हणाले, “हं.” बाबांचं ‘हं’ मिळायला दादाला सात वर्षं लागली होती, असं दादाच सांगतो.

स्टूल स्वयंपाकघरात गेलं. आईनं पदर खोचला आणि चढली. काचू, दादा आणि बाबा तिघंही हात पसरून खाली उभे.

“आई, हळू! एका हातानं फळीला धर!” काचू म्हणाली.

“तूच केलंयस ना? मग कशाला घाबरतेस?” आई वरून म्हणाली. तिनं एक पाय उचलून आपटला. स्टूल हललंसुद्धा नाही. तिनं दुसरा आपटला. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं, की ते घरातल्या कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं. “भक्कम आहे गं,” ती म्हणाली. वरच्या ज्या फळीवर वर्षानुवर्षं पोचता आलं नव्हतं, तिथून तिनं एकेक डबा काढून खाली द्यायला सुरुवात केली. हा पूस, हा टाकून दे, हा कुणाचा, याचं झाकण कुठंय. दादा खाली घेऊन घेऊन दमला. बाबा म्हणाले, आता पुरे, उतर. ती काही उतरायला तयार नव्हती.